भाडे[ओळ][रकाना]: जीसीसीला तीन इन्स्ट्रक्शन लागतात, माझ्या कंपायलरला सात. पत्त्याचं गणित नेमकं कुठे वाचतं?

ऐरोली_लोकल

नमस्कार मंडळी. सी-सारख्या एका छोट्या भाषेचा कंपायलर लिहितोय. टार्गेट दोन आहेत, एक्स८६-६४ (लिनक्स) आणि ६४-बिट रिस्क-फाइव्ह. चाचणीसाठी ठाणे–वाशी मार्गाचा भाडेतक्ता घेतलाय: इंट भाडे[९][९], ठाणे शून्यावर आणि वाशी आठवर. त्याशिवाय स्थानक नावाचा एक स्ट्रक्ट आहे. त्यात कोड, फलाट, अंतर असे तीन इंट आहेत, म्हणजे १२ बाइट. प्रोग्राम चालतो, पण पत्ता काढण्याच्या भागात तीन ठिकाणी अडलोय.

पहिली अडचण. तक्त्याचा पत्ता आरडीआय रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतली साठवणजागा), ओळ आरएसआयमध्ये, रकाना आरडीएक्समध्ये, आणि दोन्ही निर्देशांक लाँग. माझा कंपायलर हे काढतो:

मूव्ह आरएएक्स, आरएसआय
आयमल आरएएक्स, आरएएक्स, ३६
मूव्ह आरसीएक्स, आरडीएक्स
आयमल आरसीएक्स, आरसीएक्स, ४
अ‍ॅड आरएएक्स, आरसीएक्स
अ‍ॅड आरएएक्स, आरडीआय
मूव्ह ईएएक्स, [आरएएक्स]

जीसीसी कंपायलर -ओ२ (वेगासाठीच्या सुधारणा) लावून तिनात उरकतो, आणि त्यात आयमल (गुणाकार) एकही नाही. त्याच्याकडे असल्या आकड्यांची यादी असते का?

दुसरी. स्थानकांच्या अ‍ॅरेच्या मधोमध रोखलेला पॉइंटर पी आहे आणि के हा इंट. के उणे एक झाला की पी[के] वर एक्स८६ मध्ये सेगफॉल्ट (आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) येतो. तोच प्रोग्राम रिस्क-फाइव्हवर नीट चालतो. म्हणजे कंपायलरचा पुढचा भाग (फ्रंटएंड) बरोबर असावा असं वाटतं, पण खात्री नाही.

तिसरी. रिस्क-फाइव्हवर फ्रेम (फंक्शनची स्टॅकवरची जागा) २०४८ बाइटांपेक्षा मोठी झाली की असेंब्लर ठिकठिकाणी ऑपरंड चुकीचा म्हणून ओरडतो. ते एकवेळ समजतं. पण फ्रेम बरोब्बर २०४८ असेल तर फंक्शनच्या सुरुवातीची ओळ चालते आणि शेवटची अडते. हे काय गौडबंगाल आहे?

---

तलावपाळी

दुसरीपासून सुरू करतो. बाकीच्या दोन वेगाच्या किंवा असेंब्लरने पकडलेल्या गोष्टी आहेत, ही मात्र गुपचूप चुकीचं उत्तर देणारी आहे.

एक्स८६-६४ वर ३२-बिट रजिस्टरमध्ये काहीही लिहिलं की वरचे ३२ बिट आपोआप शून्य होतात. तुमचा के ईसीएक्समध्ये शून्य होता, त्यातून १ वजा केला. आता ईसीएक्स म्हणून वाचलं तर उणे एक, पण आरसीएक्स म्हणून वाचलं तर ४२९४९६७२९५. त्याला १२ ने गुणलंत की ५१५३९६०७५४० बाइट, म्हणजे पॉइंटरच्या पुढे जवळजवळ ४८ जीबी. सेगफॉल्ट आला हे नशीबच म्हणा, तिथे काही मॅप झालेलं असतं तर दिवसभर शोधत बसला असतात.

उपाय: गुणाकाराच्या आधी मूव्हएसएक्सडी आरसीएक्स, ईसीएक्स, म्हणजे साइन-एक्स्टेन्शन: चिन्ह जपून ६४ बिटांपर्यंत रुंद करणं. निर्देशांक अनसाइन्ड असेल तर साइनऐवजी झिरो-एक्स्टेन्शन, वर शून्यं भरणं. आणि क्रम महत्त्वाचा आहे, आधी रुंद करायचं, मग गुणायचं. उलट केलंत तर लहान अ‍ॅरेवर चालेल आणि मोठ्यावर फसेल. २० कोटी स्थानकं गुणिले १२ म्हणजे २४० कोटी, आणि ३२-बिट साइन्ड इंटची धाव २१४ कोटी ७४ लाखांपाशी संपते.

रुंदीकरण कोड काढताना नको, आयआरमध्येच (कंपायलरच्या आतल्या मधल्या रूपात) घाला. टाइप तपासताना निर्देशांकाभोवती साइनचं किंवा झिरोचं एक्स्टेन्शन नोड गुंडाळून टाका. नाहीतर प्रत्येक बॅकएंडमध्ये (टार्गेटचा कोड काढणाऱ्या भागात) तीच चूक नव्याने कराल.

रिस्क-फाइव्हवर का चाललं? तिथे एडीडीडब्ल्यू, एसयूबीडब्ल्यू ही इन्स्ट्रक्शनं ३२-बिट उत्तर साइन-एक्स्टेंड करूनच ठेवतात, आणि ६४-बिट एबीआयसुद्धा (फंक्शनांनी एकमेकांना किंमती कशा द्यायच्या याचे नियम) तेच मागतो. म्हणून तुमची चूक झाकली गेली. पण सावध राहा: हा एबीआय अनसाइन्ड इंटसुद्धा साइन-एक्स्टेंड करूनच पाठवतो. तो निर्देशांक म्हणून वापरायचा तर डावीकडे ३२ आणि मग उजवीकडे लॉजिकल ३२ सरकवून वरचा भाग स्वतः पुसावा लागतो. एक्स८६-६४ च्या सिस्टिम व्ही एबीआयमध्ये तर इंट आर्ग्युमेंटच्या वरच्या ३२ बिटांत काय असेल याची हमीच नाही, तिथे कचरा धरूनच चालायचं.

---

सेक्टर_सतरा

पहिल्या प्रश्नाबद्दल. यादी वगैरे नसते. दोन वेगळी कामं आहेत आणि तुम्ही दोन्ही एकाच जागी करताय.

एक्स८६ चा मेमरी ऑपरंड हाच एक छोटा कॅल्क्युलेटर आहे: बेस + इंडेक्स × स्केल + डिस्प्लेसमेंट. स्केल फक्त १, २, ४, ८. डिस्प्लेसमेंट ८ किंवा ३२ बिटांचं, साइन्ड. एलईए हेच गणित करतं पण मेमरीला हात लावत नाही आणि फ्लॅगही बदलत नाही. तुमचा तक्ता ३६ × ओळ + ४ × रकाना आहे. चार बाहेर काढा: ४ × (९ × ओळ + रकाना). नऊ म्हणजे ओळ + ८ × ओळ, आणि चार हे स्केलमध्ये फुकट मिळतं:

एलईए आरएएक्स, [आरएसआय + आरएसआय*८]
अ‍ॅड आरएएक्स, आरडीएक्स
मूव्ह ईएएक्स, [आरडीआय + आरएएक्स*४]

काही वेळा अ‍ॅडच्या जागी दुसरं एलईए दिसेल, ज्यात आधी ओळीचा पत्ता पुरा होतो आणि रकाना शेवटच्या लोडमध्ये जातो. संख्या तीच. गंमत अशी की दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू व्हायच्या आधी तुमचा तक्ता [८][८] असता, आणि मग ८ × ओळ + रकाना हे एकाच एलईएत बसलं असतं. एका स्थानकापायी एक इन्स्ट्रक्शन वाढली.

आता पद्धत. पहिलं काम आयआरवर: स्थिरांक एकत्र आणणं. स्थानक[क+२].अंतर घ्या. झाड असं असतं: बेस + (क+२) × १२ + ८. वितरण केलं की बेस + क × १२ + ३२. चोवीस आणि आठ एकत्र आले, आणि ते ३२ डिस्प्लेसमेंटमध्ये गेले. हे न करता थेट जुळवायला गेलात तर क+२ साठी एक बेरीज उगाच निघते.

इथेच एक खड्डा आहे. क हा ३२-बिट असेल तर (क+२) रुंद करणं आणि क रुंद करून त्यात २ मिळवणं या दोन गोष्टी तेव्हाच सारख्या, जेव्हा बेरीज ओव्हरफ्लो होत नाही. सी मध्ये साइन्ड ओव्हरफ्लो अनडिफाइन्ड असल्यामुळे इंटसाठी ही सूट मिळते. अनसाइन्डसाठी नाही, कारण तिथे ४२९४९६७२९५ नंतर शून्य येणं हा भाषेचा नियम आहे. म्हणून बेरजेच्या नोडवर 'साइन्ड ओव्हरफ्लो होत नाही' असा झेंडा ठेवा (एलएलव्हीएम हा कंपायलर-संच त्याला एनएसडब्ल्यू म्हणतो) आणि झेंडा असेल तरच वितरण करा.

दुसरं काम बॅकएंडचं: जुळवणी. पाच कप्प्यांचा एक स्ट्रक्ट करा, बेस, इंडेक्स, स्केल, डिस्प्लेसमेंट, सिम्बॉल. लोडच्या पत्त्याचं झाड वरून खाली चालत जा. बेरीज दिसली की दोन्ही फांद्यांत शिरा. स्थिरांक दिसला की डिस्प्लेसमेंटमध्ये टाका, पण बेरीज ३२ बिटांत मावते का ते दर वेळी तपासा. डावीकडे १, २ किंवा ३ सरकवणं दिसलं आणि इंडेक्स रिकामा असला की तिथे. ३, ५, ९ ने गुणाकार दिसला आणि बेस व इंडेक्स दोन्ही रिकामे असले तर एकच रजिस्टर दोन्हीत. काहीच जमलं नाही तर तो नोड रजिस्टरमध्ये काढून रिकाम्या कप्प्यात ठेवा. फांदी अर्धी जुळून फसली तर स्ट्रक्टची जुनी प्रत परत आणायची, हे बहुतेक जण विसरतात. मग डिस्प्लेसमेंट दोनदा मोजलं जातं आणि पत्ता शेजारच्या घटकावर पडतो.

बारा बाइटांचा स्ट्रक्ट असाच सुटतो: एलईएने ३ × क काढा, लोडमध्ये स्केल ४, डिस्प्लेसमेंट ८. वीस आणि चोवीसही तसेच. सोळाला स्केल नाही, तिथे सरळ चारने सरकवा. अठ्ठावीससाठी ८क − क करून सात, मग स्केल ४. त्यापुढे कसरत करू नका. आयमलला आधुनिक प्रोसेसरवर साधारण ३ सायकल लागतात, तीन-चार इन्स्ट्रक्शनांची माळ लावून हाती काही लागत नाही.

एन्कोडिंगमधले अपवाद: आरएसपी कधीच इंडेक्स होत नाही. आरएसपी किंवा आर१२ बेस असेल तर एसआयबी (स्केल, इंडेक्स, बेस सांगणारा) बाइट सक्तीचा. आरबीपी किंवा आर१३ बेस असेल तर डिस्प्लेसमेंट वगळताच येत नाही, शून्याचा एक बाइट द्यावा लागतो. बेस नसलेला [आरएसआय*२] लिहिलात तर चार बाइटांचं शून्य डिस्प्लेसमेंट मागे लागतं, त्यापेक्षा [आरएसआय + आरएसआय] लिहा. असेंब्लरकडून करून घेत असाल तर यातलं बरंच तो सांभाळतो. स्वतः बाइट लिहिणार असाल तर आर१२, आर१३ वर वेगळ्या चाचण्या ठेवा.

---

घोडबंदर_ओ३

छान लिहिलंय, पण लूपमध्ये हे सगळं व्यर्थ आहे. लूपमध्ये पत्ता काढायचाच नाही. पॉइंटर ठेवा आणि दर फेरीला १२ मिळवा. गुणाकार गायब. स्ट्रेंथ रिडक्शन ही या धंद्यातली सर्वांत जुनी युक्ती आहे. १९५७ चा फोर्ट्रान कंपायलर आयबीएम ७०४ च्या तीन इंडेक्स रजिस्टरांसाठी निर्देशांकांवर एवढी मेहनत घेत होता ती उगाच नाही. त्या यंत्रात इंडेक्स रजिस्टरमधली किंमत पत्त्यात मिळवली न जाता वजा व्हायची, म्हणून अ‍ॅरे मेमरीत उलटे रचायचे. तेव्हा जमलं तर आपल्याला का जमू नये?

---

सेक्टर_सतरा

घोडबंदरराव, एका अ‍ॅरेला मान्य. पाच अ‍ॅरे एकाच लूपमध्ये चालले की पाच पॉइंटर, दर फेरीला पाच बेरजा, आणि पंधरा वापरण्याजोग्या रजिस्टरांतली पाच बदलती. त्याऐवजी एकच निर्देशांक ठेवला तर [बेस + इंडेक्स*४] मध्ये पाचही बसतात आणि बेरीज एकच. घटक १२ बाइटांचे असतील तर तो सामाईक निर्देशांकच १२-१२ ने वाढवायचा, स्केल १. शिवाय निर्देशांक उणे लांबीपासून शून्याकडे चालवला, बेस अ‍ॅरेच्या टोकाला ठेवले, तर तुलनेची इन्स्ट्रक्शनही जाते. बेरजेनेच फ्लॅग बसतात आणि शून्य नसेल तर उडी.

उलट बाजूही सांगतो, कारण इंडेक्स फुकट असतो असंही नाही. इंटेलच्या हॅसवेलपासून स्कायलेकपर्यंत स्टोअरचा पत्ता काढणारं पोर्ट ७ (प्रोसेसरमधली काम करणारी एक वाट) फक्त साधे, बिन-इंडेक्सचे पत्ते घेतं. इंडेक्स वापरलात की स्टोअर पोर्ट २ आणि ३ वर लोडशी भांडतो. आणि सँडी ब्रिजपासून स्कायलेकपर्यंत बेस, इंडेक्स, डिस्प्लेसमेंट हे तिन्ही असलेलं एलईए १ ऐवजी ३ सायकल घेतं. लोडच्या ऑपरंडमध्ये तेच तीन घटक असले तर हा दंड नाही. म्हणून तीन घटकांचं एलईए अवलंबित्वाच्या साखळीत आलं तर एलईए आणि अ‍ॅड असं तोडा.

एलएलव्हीएममध्ये लूप स्ट्रेंथ रिडक्शन हा पास टार्गेटला विचारतो की अमुक पत्ता कायदेशीर आहे का, आणि रजिस्टरं, बेरजा यांची किंमत मांडून मगच निवडतो. जीसीसीचा आयव्हीऑप्ट्स तेच करतो. ऐरोलीकरांनी आत्ता एवढंच करावं: लूपमध्ये एकच अ‍ॅरे असेल तर पॉइंटर, जास्त असतील तर निर्देशांक. आणि लूपचा चल अनसाइन्ड इंट असून अ‍ॅरे[क + म] असं काही असेल तर दोन्ही सोडा. ती बेरीज दर फेरीला ३२ बिटांतच करायची, कारण ती मध्येच शून्यावर येऊ शकते.

---

पारसिक_बोगदा

तिसरा प्रश्न राहिला. रिस्क-फाइव्हमध्ये लोड, स्टोअर आणि एडीडीआय यांना १२ बिटांचा साइन्ड आकडा मिळतो: −२०४८ ते २०४७. फंक्शनच्या सुरुवातीला एसपीमध्ये (स्टॅक पॉइंटरमध्ये) −२०४८ मिळवता, ते बसतं. शेवटी +२०४८ मिळवता, ते एकाने बाहेर. जाताना तिकीट चालतं, परतीला नाही. एसपी १६ च्या पटीत ठेवायचा असल्याने एका दमात परत करता येणारी सर्वांत मोठी फ्रेम २०३२. त्याहून मोठी असेल तर दोन टप्पे करा: आधी −२०३२, लगेच आरए (परतीचा पत्ता) आणि एस० ही रजिस्टरं जवळच्या जागी ठेवून द्या, मग उरलेलं. असं केलं की रजिस्टरं साठवण्याचे ऑफसेट आवाक्यात राहतात.

फ्रेममधला दूरचा चल, समजा एसपीपासून ११००० वर. एलयूआय वरचे २० बिट भरतं, म्हणजे ४०९६ च्या पटी. ११००० भागिले ४०९६ म्हणजे २, बाकी २८०८. इथे फसाल. २८०८ हे २०४७ च्या वर आहे. वरचा भाग ३ घ्यायचा आणि खालचा उणे:

एलयूआय टी०, ३
एडीडी टी०, टी०, एसपी
एलडब्ल्यू ए०, −१२८८(टी०)

१२२८८ − १२८८ = ११०००. सूत्र: वरचा भाग = (ऑफसेट + २०४८) उजवीकडे १२ सरकवून; खालचा = ऑफसेट − वरचा × ४०९६. स्वतः बाइट लिहिणाऱ्याने २८०८ चे खालचे १२ बिट मुकाट्याने कापले तर ते −१२८८ होतात, पण वरचा भाग २ च राहतो आणि पत्ता ६९०४ येतो. पत्ता बरोब्बर ४०९६ ने चुकलेला दिसला की दुसरीकडे शोधूच नका, चूक हीच असते.

आता खरी डोकेदुखी. हा टी० आणायचा कुठून? फ्रेम किती मोठी हे स्पिल (रजिस्टरांत न मावलेल्या किंमती स्टॅकवर ठेवणं) ठरल्यावर कळतं, आणि तोवर रजिस्टरं वाटून झालेली असतात. पूर्णांकाच्या लोडला प्रश्न नाही, ज्या ए० मध्ये उत्तर येणार तेच तात्पुरतं वापरा. पण स्टोअरला आणि फ्लोटच्या लोडला तशी सोय नाही. तुमच्या आकाराच्या कंपायलरसाठी टी६ कायमचं राखून ठेवा आणि पुढे चला. एलएलव्हीएम राखून न ठेवता शेवटच्या क्षणी रिकामं रजिस्टर हुडकतो, आणि नाहीच मिळालं तर आणीबाणीच्या एका स्टॅक-जागेत कुणाला तरी तात्पुरतं हलवतो. ती जागा मात्र एसपीपासून २०४७ च्या आत हवी, नाहीतर तिथे पोचायलाच आणखी एक रजिस्टर लागेल.

मोठे अ‍ॅरे फ्रेमच्या लांबच्या टोकाला आणि छोटे चल एसपीजवळ रचा. एवढ्यानेच बहुतेक एलयूआय नाहीसे होतात. एक्स८६ वरही याचा फायदा आहे: −१२८ ते १२७ मधलं डिस्प्लेसमेंट एका बाइटात, त्याबाहेर चार.

तक्त्याबद्दल: रिस्क-फाइव्हच्या मूळ संचात इंडेक्सचा पत्ताच नाही. २०२१ मध्ये मंजूर झालेलं झेडबीए (पत्त्याच्या गणिताची जादा इन्स्ट्रक्शनं) असेल तर एसएच३एडीडी टी०, ओळ, ओळ केलं की नऊपट, मग रकाना मिळवा, मग एसएच२एडीडीने बेस, आणि लोड. आर्म६४ दोघांच्या मधे बसतं: लोडमध्ये इंडेक्स चालतो, त्याचं साइन-एक्स्टेन्शनही तिथेच होतं, पण स्केल घटकाच्या आकाराइतकाच किंवा १, आणि इंडेक्ससोबत डिस्प्लेसमेंट नाही.

---

ऐरोली_लोकल

सगळ्यांचे आभार. एक्स्टेन्शन आयआरमध्ये हलवलं, सेगफॉल्ट गेला. जुळवणी लिहिली, तक्ता तीन इन्स्ट्रक्शनांवर आला. पण तक्ता ग्लोबल केल्यावर मी [भाडे + आरएएक्स*४] असं सिम्बॉल डिस्प्लेसमेंटमध्ये टाकतो, तर लिंकर पीआयई (मेमरीत कुठेही उतरू शकणारा प्रोग्राम) बनवताना हे रीलोकेशन (नंतर पत्ता भरण्याची सूचना) चालणार नाही म्हणतो.

---

तलावपाळी

बरोबरच म्हणतो. ३२ बिटांच्या डिस्प्लेसमेंटमध्ये पक्का पत्ता कोरायचा तर प्रोग्राम खालच्या २ जीबीत असायला हवा. पीआयई कुठेही उतरू शकतो.

नवी मुंबईत पत्ता म्हणजे नोड, सेक्टर, प्लॉट: पक्का आकडा, कुठूनही तोच. नौपाड्यात मात्र 'गोखले रोडवरून सरळ या, डाव्या हाताला तिसरी बिल्डिंग', म्हणजे तुम्ही उभे आहात तिथून मोजायचं. आरआयपी-सापेक्ष पत्ता हा नौपाड्याचा पत्ता, पुढच्या इन्स्ट्रक्शनपासून २ जीबी मागे-पुढे. आणि त्यात इंडेक्स घालायला जागा नाही, एन्कोडिंगमध्येच नाही. म्हणून दोन पावलं:

एलईए आरसीएक्स, [आरआयपी + भाडे]
मूव्ह ईएएक्स, [आरसीएक्स + आरएएक्स*४]

तुमच्या पाच कप्प्यांच्या स्ट्रक्टमध्ये नियम घाला: सिम्बॉल भरला असेल तर बेस आणि इंडेक्स दोन्ही रिकामे हवेत, नाहीतर सिम्बॉल आधी रजिस्टरमध्ये. स्थिरांक सिम्बॉलसोबत चालतो, भाडे + १०८ ही तिसऱ्या निर्देशांकाची ओळ एकाच ऑपरंडमध्ये येते. लूपमध्ये हे एलईए बाहेर काढा.

तक्ता शेअर्ड लायब्ररीत असेल तर त्याचा पत्ता जीओटीमधून (खऱ्या पत्त्यांच्या यादीतून) लोड करावा लागतो, आणि तिथे मात्र १०८ सिम्बॉलला चिकटवायचे नाहीत. चिकटवलेत तर जीओटीतल्या भलत्याच जागेचे बाइट पत्ता म्हणून वाचाल. आधी पत्ता आणा, मग पुढच्या लोडच्या डिस्प्लेसमेंटमध्ये १०८.

---

पारसिक_बोगदा

चाचण्या लिहिताना हे ऑफसेट घ्या: −१२९, −१२८, १२७, १२८, −२०४९, −२०४८, २०४७, २०४८, ४०९५, ४०९६, ६१४३, ६१४४. शेवटचे दोन एलयूआयच्या फेरीसाठी आहेत. ६१४३ ला वरचा भाग १ आणि खालचा २०४७ यायला हवा, ६१४४ ला वरचा २ आणि खालचा −२०४८. प्रत्येक ऑफसेटवर लोड आणि स्टोअर दोन्ही, कारण टी६ ची गडबड पूर्णांकाच्या लोडमध्ये दिसत नाही, स्टोअरमध्ये दिसते.